दुसऱ्या गिअरचं ऑपरेशन

मोटरसायकलचं इंजिन घरी खोलू नये, असं कुठल्याही ग्रंथात लिहिलेलं नाही. मी शोधलं. लिहिलेलं असतं तर ते माझ्या नजरेतून सुटलं नसतं, कारण वाचण्याच्या बाबतीत अख्ख्या राठी नगरात माझा हात धरणारा कोणी नाही. पाना हातात धरण्याची गोष्ट वेगळी.

मी धम्मदीप तायडे. अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. गिअरचं प्रमाण, बल, घर्षण हे सगळं मी फळ्यावर इतकं सुंदर काढतो, की पोरं त्याचे फोटो काढून घेतात. म्हणून त्या दिवशी शेगाव नाक्याच्या सिग्नलवर माझ्याच गाडीचा दुसरा गिअर 'कट्' करून सुटला, इंजिन बोंबललं आणि गाडी मात्र जागच्या जागी राहिली, तेव्हा शेजारून जाणाऱ्या माझ्याच एका विद्यार्थ्यानं जे विचारलं ते मला फार लागलं.

"सर, धक्का मारू का?"

आवाजात आदर होता. पण धक्का तो धक्काच.

गाडी ढकलत बंडूच्या गॅरेजवर नेली. बंडूनं किक मारली, गिअर टाकला, कान इंजिनाला लावला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं.

"सर, हाफ इंजिन खोला लागन. गिअरबॉक्स गेला. पण हे मॉडेल आता कोनी खोलत नाही. टाईम खाते. इकून टाका."

"विकायची नाही."

"मंग ठेवा आठवण म्हणून. मी तं खोलत नाही बापा."

अडचण अशी होती, की गाडीला पंधरा वर्षं होत आली होती. नोंदणी नव्यानं करून घ्यायची तर गाडी चालती दाखवावी लागणार. नाहीतर थेट भंगार. आणि ही गाडी भंगारात? बायकोला पहाटेच्या ड्युटीला सोडण्यापासून बाबांना दवाखान्यात नेण्यापर्यंत आमच्या संसाराचं सगळं वजन या गाडीनं तक्रार न करता ओढलं होतं. अशा प्राण्याला एका गिअरपायी कसायाला द्यायचं हे मला पटेना. त्यातून गॅरेजवर चहा पीत बसलेले लोक माझ्याकडे बघत होते. मी जरा मोठ्यानंच बोललो.

"मीच खोलतो मग."

चहा पिणाऱ्यांपैकी एकाला ठसका लागला. बाकीच्यांनी निदान कप खाली ठेवण्याची सभ्यता दाखवली आणि मगच हसले.

इथून पुढे जे झालं त्याला ते हसणं जबाबदार आहे. मी नाही.

आमच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी म्हणजे खुशालराव. शेती खात्यातून निवृत्त झालेले आणि सल्ला खात्यात रुजू झालेले. मी पार्किंगमध्ये गाडीखाली पोतं अंथरून पहिला नट फिरवला, तोच ते जिन्यातून खाली आले.

"प्रोफेसर, काय करून राहिले?"

"इंजिन उतरवतो आहे."

"काहून?"

मी कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "आमच्याकडच्या एका गावात एकानं असंच घरी ट्रॅक्टर खोललं होतं."

"मग?"

"मंग काय? अजून खुल्लंच हाये. कोंबड्या अंडे देतात त्याच्यात."

एवढं बोलून त्यांनी पार्किंगमध्ये ऑइल सांडू नये हा सोसायटीचा नियम मला समजावून सांगितला. नियम तोवर नव्हता. तो त्यांनी तिथेच केला, आणि लगेच अमलात आणला. तेव्हा इंजिन तिसऱ्या मजल्यावर नेणं आलं. लिफ्ट नाही. मग मी आणि माझी बायको करिश्मा, आम्ही जुन्या चादरीच्या झोळीत इंजिन घातलं आणि पुढे ती, मागे मी, असे जिना चढू लागलो. दुसऱ्या मजल्यावरच्या पार्वताबाईंनी दार उघडलं, झोळीकडे बघितलं आणि डोक्यावर पदर घेतला.

"कोन हाये व माय?"

"इंजिन आहे काकू."

"असं होय," म्हणत त्यांनी दार लावून घेतलं. पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की माझ्या बोलण्यावर त्यांचा पुरता विश्वास बसलेला नाही.

करिश्माबद्दल सांगायला हवं. ती एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची नर्स आहे. सुरुवातीला तिनं एकच अट घातली होती: "स्वयंपाकघरात नाही." त्यामुळे इंजिन हॉलमध्ये, टीव्हीच्या समोर, वर्तमानपत्रांवर आलं. ती ड्युटीला गेली आणि मी मोबाइलवर व्हिडिओ लावला. व्हिडिओ एका तमिळ गृहस्थाचा होता. मला तमिळ येत नाही, पण पान्याला भाषा नसते. तो डावीकडे फिरवी, मी डावीकडे फिरवी. तो हसे, मी हसे. हेड निघालं, ब्लॉक निघाला, क्लच निघाला, दुसऱ्या बाजूचं मॅग्नेटचं जड चाक निघालं. मला स्वतःचा अभिमान वाटू लागला आणि नेमक्या अशाच वेळी जाहिरात लागली.

जाहिरात संपेपर्यंत थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. इंजिनाचे दोन्ही अर्धे धरून हलकेच ओढले. ते इतक्या सहज उघडले, की मी आनंदानं "वा!" म्हणालो. त्या "वा"बरोबर आतले सगळे गिअर, शाफ्ट, बारीक वायसर आणि नाव माहीत नसलेल्या पुष्कळ वस्तू भदाभदा वर्तमानपत्रावर पडल्या. जाहिरात संपली. तमिळ गृहस्थ बोट वर करून काहीतरी बजावून सांगत होता. शब्द कळले नाहीत, अर्थ कळला.

करिश्मा ड्युटीवरून आली तेव्हा मी त्या ढिगाऱ्याशेजारी मांडी घालून बसलो होतो.

"पेशंटचं पोट खोललं आन आतडे खाली सांडले?" तिनं विचारलं.

"साधारण तसंच."

तिनं पर्स ठेवली, हात धुतले, केस बांधले आणि माझ्याशेजारी बसली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण तिनं एक गिअर उचलला, उजेडात धरला आणि माझ्या नाकासमोर आणला. कडेचे दात गोटीसारखे गुळगुळीत झाले होते. "हा पाहा तुमचा पेशंट." शेजारचा, गिअर सरकवणारा फोर्कही वाकलेला होता, आणि एक बेरिंग फिरवलं की ज्वारी दळल्यासारखं घरघरत होतं. म्हणजे रोगाचं निदान झालं होतं. ते मी केलं असं मी कॉलेजात सांगतो. 'आम्ही' म्हणायला हवं, हे मला मान्य आहे.

त्या रात्रीच जेवणं झाल्यावर तिनं घरातले स्टीलचे ट्रे काढले. एकेक वस्तू डिझेलमध्ये धुऊन, पुसून, चिकटपट्टीवर नाव लिहून ट्रेमध्ये मांडली. मॅग्नेटचं चाक मात्र जड म्हणून कोपऱ्यात सरकवून ठेवलं.

"नावं माहीत नसतील तर?" मी म्हणालो.

"मंग मी ठेवते. हा मोठा. हा मोठ्याचा भाऊ. हा वाकडा."

गिअर, फोर्क आणि बेरिंग अमरावतीत कुठेही मिळेना. दुकानदार जुना गिअर हातात घेऊन कौतुकानं बघायचे, आपल्या नोकराला बोलावून दाखवायचे आणि परत द्यायचे. शेवटी एकानं अकोल्याच्या एका जुन्या दुकानाचं नाव सांगितलं. रविवारी सकाळी एसटीनं अकोल्याला गेलो. दुकानदार म्हाताऱ्यानं फळीवरची धूळ फुंकली आणि तिन्ही वस्तू काढून दिल्या. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. माल कापडी पिशवीत घालून मी स्टँडवर आलो आणि तिथे माझ्यातला प्रवासी माझ्यातल्या मेकॅनिकच्या आड आला.

अमरावतीच्या गाडीला ही गर्दी. वऱ्हाडात अशा वेळी शहाणा माणूस दाराशी रेटारेटी करत नाही. तो खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे असेल ते सीटवर टाकतो. एकदा वस्तू पडली, की ती सीट त्याच्या बापाची. मीही खिडकीतून पिशवी सीटवर टाकली. वजनदार पिशवी, 'धप्' असा भारदस्त आवाज झाला. मग फेरी मारून दाराशी आलो, गर्दीनं मला उचललं आणि आत नेऊन ठेवलं. बघतो तर माझ्या सीटवर एक बाई बसलेल्या.

"ताई, ही सीट माझी आहे. इथे माझी पिशवी होती."

"इथी कोनाचीच पिशवी नाही."

"मी स्वतः टाकली. आत्ता. खिडकीतून."

"मंग खिडकीलेच इचारा."

मी खिडकीकडे बघितलं. खिडकीतून शेजारची बस दिसत होती. त्या बसची पाटी होती अचलपूर. आणि तिच्या खिडकीशी, ऐटीत टेकून, माहेराला निघालेल्या एखाद्या सासुरवाशिणीसारखी माझी पिशवी बसली होती. मी बघत असतानाच ती बस सुरू झाली.

मी उतरून पळालो. ओरडलो, "गिअर! माझा गिअर!" ड्रायव्हरला वाटलं मी त्याच्या गाडीचा गिअर म्हणतोय. त्यानं तो तत्परतेनं बदलला आणि वेग वाढवला.

पुढच्या बसनं मीही अचलपूरला निघालो. वाटेत एक विचार सतत छळत होता: एवढ्या गर्दीच्या बसमध्ये ती पिशवी राहील का? डेपोत पोचलो, चौकशी केली, आणि त्या बसचे कंडक्टर भेटले. ते जरा रागातच होते.

"तुमची होती का ती? अकोटपासून लोक उभे होते बाप्पा. एक म्हातारा तं दांड्याले लटकून आला. पण सीट कोनी घेतली नाही."

"का?"

"काहून म्हंजे? पिशवी होती न सीटवर!"

माझा ऊर भरून आला. या देशात कायद्याचं काही होवो, खिडकीतून टाकलेल्या पिशवीला अजून मान आहे.

पिशवी मात्र ऑफिसात जमा झाली होती आणि तिथल्या बाई कामाला चोख होत्या.

"पिशवीत काय होतं?"

"एक गिअर, एक फोर्क आणि एक बेरिंग."

त्यांनी पिशवीत डोकावलं. "याच्यातलं बेरिंग कोन्तं?"

"गोल."

"दोन गोल हायेत."

"ज्याच्यात गोळ्या फिरतात ते."

"बरं. आता हे तुमचंच कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. अशा वस्तू पळवायला कोण येणार, असा प्रतिप्रश्न मनात आला, पण मी मोबाइल काढला आणि घरच्या हॉलचे फोटो दाखवले. टीव्हीसमोर पसरलेलं इंजिन, ट्रे, चिकटपट्ट्या. बाई बघतच राहिल्या. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावलं, त्यांनी पलीकडच्यांना.

"हे तुमी खोललं?"

"हो."

"घरी?"

"हो."

"आन घरचे काही म्हणत नाहीत?"

मग मी अर्ज लिहिला, सही केली, आणि पिशवी छातीशी धरून अमरावतीच्या बसमध्ये उभा राहिलो. सीटवर टाकण्याची हिंमत झाली नाही.

आता बेरिंग बसवायचं. इथे तमिळ गृहस्थ आणि माझं फिजिक्स यांचं एकमत होतं: केसिंग, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, तापवायचं म्हणजे भोक फुगेल, बेरिंग थंड करायचं म्हणजे ते आकसेल, मग ते आपसूक आत जाईल. हे मी दरवर्षी शिकवतो. करून कधीच बघितलं नव्हतं. बेरिंग प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये मटारशेजारी ठेवलं. केसिंग घासूनपुसून स्वच्छ केलं आणि तव्यावर, मंद आचेवर.

"स्वयंपाकघरात नाही म्हटलं होतं," करिश्मा म्हणाली.

"शास्त्र आहे."

"शास्त्र असन, पण तवा माह्या आईनं देला."

तरीही तिनं सांडशी आणून दिली. केसिंग तापू लागलं. कुठल्याशा फटीत पंधरा वर्षांचं ऑइल दडून बसलं होतं. ते धूर होऊन बाहेर यायला लागलं. करिश्मानं खिडक्या उघडल्या. धूर खिडकीतून निघाला आणि खालच्या पार्वताबाईंच्या घरात शिरला. इंजिनाची झोळी पाहिल्यापासून त्यांना आमच्या घराविषयी शंका होतीच. त्यांनी फोन केला.

घंटा वाजवत बंब आला, तेव्हा मी एका हातात सांडशीनं धरलेलं केसिंग आणि दुसऱ्या हातात गारेगार बेरिंग घेऊन ओट्याशी उभा होतो. दारातून हेल्मेट घातलेले जवान आत आले. मागून खुशालराव. त्यांच्या मागून अख्खं अपार्टमेंट.

"आग कुठी हाये?" पुढच्या अधिकाऱ्यानं विचारलं.

"आग नाही. इंजिन तापवून राहिलो."

"कायले?"

"बेरिंग बसवायले."

इतक्या लोकांसमोर माझी शाळेतली भाषा गळून पडली होती. अधिकाऱ्यानं गॅस बंद केला, खिडक्या बघितल्या, सिलिंडर तपासला, आणि सगळं ठीक असल्याची खात्री झाल्यावर तो मला रागावणार, तोच मागच्या एका जवानाचा आवाज आला.

"साहेब, मॉडेल कोन्तं हाये? माह्याकडे हेच हाये!"

"ठोका हातोडीनं," दुसरा म्हणाला.

"ठोकू नोका, तडकते."

"थोडं तूप लावा."

"अरे, आधी थंडं होऊ द्या!" हे खुशालराव.

"थंडं झालं तं मेलं!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदाच खुशालरावांवर ओरडलो. बोलण्यात वेळ जात होता, केसिंग निवत होतं, बेरिंग गरम होत होतं. निसर्गाचा नियम कोणासाठी थांबत नाही. करिश्मानं एकाच शब्दात सगळ्यांना गप्प केलं. थिएटरमध्ये ती सर्जनला कसं गप्प करत असेल, ते त्या दिवशी कळलं.

"सरका!"

सगळे सरकले. तिनं सांडशी धरली. मी बेरिंग भोकावर सरळ धरलं आणि सोडलं.

टप्.

असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. सुपारी डबीत पडावी तसा. बेरिंग आपल्या जागी जाऊन बसलं होतं. हातोडी नाही, तूप नाही. मग ज्याच्याकडे हेच मॉडेल होतं त्या जवानानं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. जिन्यातल्या लोकांनीसुद्धा, कारण न कळता. अधिकाऱ्यानं मला पुन्हा असं न करण्याची समज दिली, पार्वताबाईंना वेळेवर फोन केल्याबद्दल शाबासकी दिली आणि जाताना हळूच विचारलं, "फ्रीजमधी किती वेळ ठेवलं होतं?"

इंजिन बंद करण्याआधी करिश्मानं मला थांबवलं.

"मोजायचं."

"काय?"

"सगळं. पोट शिवायच्या आधी मोजतात. नाहीतर आत राहते."

मोजलं. व्हिडिओशी ताडलं तर एक वायसर कमी. छोटा, पातळ, कपाळावरच्या टिकलीएवढा. मी म्हणालो, एकानं काय होतं? तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी ताबडतोब सोफ्याखाली शिरलो. सोफा झाला, गादी झाली, मटारची पिशवी झाली. बंबाच्या जवानांच्या बुटाला चिकटून गेला असेल, अशी शंका घेऊन मी रडकुंडीला आलो. करिश्मा कोपऱ्यातलं ते मॅग्नेटचं चाक उचलून हसायला लागली. लोहचुंबकाच्या आत, कडेला घट्ट बिलगून, वायसर बसला होता. चुंबक लोखंडाला ओढतो, हे मी आठवीच्या मुलांनाही सांगू शकतो.

मग गिअर चढले, शाफ्ट बसले, फोर्क आपापल्या खाचेत गेले. केसिंग मिटलं आणि वर क्लच, मॅग्नेट, ब्लॉक, हेड एकामागून एक चढले. झोळीतून इंजिन खाली आलं, या वेळी पार्वताबाईंनी स्वतः जिन्यातला दिवा लावला. गाडीत बसलं. ऑइल भरलं. खुशालराव पार्किंगमध्ये हात मागे बांधून उभे. त्यांनी मनाई केली नाही. मी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. एक खोकला. पुन्हा मारली आणि इंजिन असं सुरू झालं, की गेटवरचं मांजर पळालं.

पहिला गिअर. गाडी सरकली. गेटबाहेर आलो. क्लच दाबला, पायाचा अंगठा गिअरखाली घातला आणि मनातल्या मनात सगळ्यांची क्षमा मागून उचलला.

दुसरा पडला! आणि पडून राहिला!

मी राठी नगरात दुसऱ्या गिअरवर इतक्या फेऱ्या मारल्या, की खुशालराव गॅलरीतून ओरडले, "प्रोफेसर, तिसरा पण हाये न त्याच्यात?"

होता. चौथाही होता. नोंदणीच्या तपासणीत साहेबांनी गाडी स्वतः चालवून बघितली, दोनदा गिअर खालीवर केले आणि म्हणाले, "इंजिन चांगलं ठेवलं. कोनाकडे बनवलं?" मी सांगितलं. त्यांनी कागदावर सही करता करता पेन थांबवून माझे हात बघितले. नखांत अजून काळं होतं. त्यांनी मान हलवली आणि सही केली.

त्या आनंदात करिश्मा म्हणाली, चला, मोझरीपर्यंत जाऊन येऊ. आणि चालवणार तीच. मी मागे बसलो. नांदगाव पेठ मागे पडलं, दोन्ही बाजूंना तूर उभी, वारा तोंडावर. ती गिअर बदलायची आणि मी मागे बसून कान लावून ऐकायचो. एकही चुकीचा आवाज नाही.

पुढे रस्त्याच्या कडेला एक माणूस बंद पडलेल्या मोटरसायकलपाशी उभा होता. किक मारून मारून घामाघूम झालेला. त्यानं हात केला.

"ताई, इथी जवळपास कोनी मिस्तरी भेटन का?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात करिश्मानं गाडी थांबवली आणि अंगठ्यानं मागे दाखवलं.

"हे काय, बसले न मागे."

मी उतरलो. बाह्या वर केल्या. गाडीभोवती एक फेरी मारली, हात मागे बांधून. टाकी हलवून बघितली, प्लगची कॅप काढली, पुसली, दाबून बसवली. ती सैल होती, एवढंच. पण ते मी लगेच सांगितलं नाही. थोडा वेळ इंजिनाला कान लावला. मग म्हणालो, "मारा किक."

सुरू झाली. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तसा माझ्या वर्गात कधी कुणाच्या चेहऱ्यावर पसरला नाही. त्यानं माझे दोन्ही हात धरले, मोबाइल काढला आणि विचारलं, "नंबर द्या न भाऊ. नाव काय टाकू?"

माझ्या नावामागे प्राध्यापक लागतं, पुढे एम.एस्सी. लागतं, दारावरच्या पाटीत दोन्ही आहे. मी घसा साफ केला.

"धम्मदीप मिस्तरी," मी म्हणालो. "अमरावतीवाले."